पोरांना देव कसा सांगावा?

खेड्यातल्या मुलाला देव शाळेत भेटत नाही. शाळेचे तोंड पाहण्याआधीच तो त्याला घरी भेटलेला असतो. पाळण्यात असताना कपाळाला लावलेला अंगारा, आजीच्या तोंडची ओवी, गावच्या मारुतीचा पार, चैत्रात वणीच्या सप्तशृंगीकडे पायी निघालेली माणसे, यांतून तो मुलाच्या मनात येऊन बसतो. कुणाच्या घरी तो नमाजाच्या वेळेने येतो, कुणाच्या घरी रविवारच्या प्रार्थनेने. कुणाच्या घरी देवाचे नाव नसते, पण बुद्धवंदना असते. म्हणून ‘मुलांना श्रद्धा शिकवावी की शिकवू नये’ हा वाद मला फारसा खरा वाटत नाही. आपण तोंड मिटून बसलो तरी मूल काही ना काही शिकतेच. विचार करायचा तो निराळ्या गोष्टीचा. आपण मुलाला देतो ती श्रद्धा असते, की भीती असते, की नुसती देवघेव असते? आणि ‘देव सांगतो तसे वाग’ असे आपण म्हणतो, तेव्हा देवाचे सांगणे कोणते आणि माणसाचे कोणते, हे त्या पोराने ओळखायचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला नाशिककरांना लांब जावे लागत नाही. १९३३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात नाशिकच्या तुरुंगात एक सत्याग्रही मास्तर कैदी म्हणून होते. पांडुरंग सदाशिव साने त्यांचे नाव. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात त्यांनी शिक्षकी केली होती, तिथल्या छात्रालयातल्या मुलांची आईच्या मायेने उस्तवार केली होती. ९ फेब्रुवारीला त्यांनी लिहायला घेतले आणि १३ तारखेच्या पहाटे लिहून पुरे केले. ते पुस्तक म्हणजे ‘श्यामची आई’. पुढे १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला व त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. आज आपल्यापैकी कित्येकांनी ते पुस्तक वाचले असेल, निदान त्यातल्या गोष्टी ऐकल्या तरी असतील. ते वाचून रडू येते हे सर्वांना ठाऊक आहे. पण ती आई मुलाला देवाविषयी नेमके काय सांगते, कसे सांगते, इकडे रडण्याच्या भरात आपले लक्ष जात नाही. शिक्षकांनी आणि आयाबापड्यांनी ते एकदा डोळे पुसून वाचावे.

पहिल्याच रात्रीची गोष्ट घ्या. वटसावित्रीचे व्रत आहे. आई तापाने हैराण, वडाला फेऱ्या घालण्याचे त्राण तिच्या अंगात नाही. ती श्यामला सांगते, माझ्या वतीने तू जा. श्यामला लाज वाटते. बायकांचे व्रत, पोरगा फेऱ्या घालतो म्हणून सोबती चिडवतील! यावर आई त्याला सावित्रीची महती सांगत बसत नाही, की व्रत मोडले तर देव कोपेल असा धाकही घालत नाही. चांगले काम करताना लाजू नये, वाईट करताना लाजावे, एवढाच तिच्या बोलण्याचा आशय. श्याम जातो, फेऱ्या घालतो. आता यात मुलाने काय शिकले? वडाला फेऱ्या घातल्याने काय होते हे तो विसरून जाईल. परंतु चारचौघे हसत असताना, जे योग्य आहे ते करायचे असते, ही गोष्ट त्याच्या पायांनी शिकून घेतली.

पायांवरून आठवले. दुसऱ्या एका गोष्टीत अंघोळ झालेला श्याम तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला पदर पसरायला लावतो. आई पदर पसरते. मुलाचा हट्ट पुरवते. आणि मग, पायाला जपतोस तसे मनालाही जप, अशा अर्थाचे बोलून देवाजवळ शुद्ध बुद्धी मागायला सांगते. बघा, उपदेश केवढा आणि कधी! एका वाक्यापुरता, आणि तोही हातातले काम चालू असताना. आपण मात्र मुलांना ओळीने बसवतो, घसा साफ करतो आणि अर्धा तास बोलतो. मुले त्या अर्ध्या तासात छताचे वासे मोजतात.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ही आई मऊ नाही. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला ती छडी घेऊन बाहेर काढते. भक्ती म्हणजे भित्रेपणा नव्हे, हे तिने तोंडाने कधी सांगितले नसेल, पण मुलाला कळले. आमच्याकडे पुष्कळदा उलट होते. ‘अंधारात जाऊ नको, भूत आहे’ असे आधी सांगायचे, आणि मग ‘देवाचे नाव घे’ म्हणायचे. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत लिहिले आहे की लहानपणी त्यांना भुताखेतांचे फार भय वाटे. घरातल्या रंभा नावाच्या दाईने त्यावर रामनामाचा उपाय सांगितला. त्या बाईने भीती पेरली नव्हती. मुलाच्या मनात आधीच असलेल्या भीतीवर तिने आधार दिला. फरक बारीक आहे, पण सारे त्यातच आहे.

भीतीने भरलेले घर कसे असते, तेही नाशिकच्याच परिसरात पाहायला सापडते. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र आपण ऐकून असाल. नाशिकजवळच्या जलालपूरचा त्यांचा जन्म. त्यांच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याओवळ्याचे असे काही वेड शिरले होते की घरात येणारी जिन्नस धुतल्यावाचून आत घेणे नाही. घरातली माणसे, पोरेबाळे त्या धुण्यापुसण्यात बेजार होऊन गेली. लक्ष्मीबाईंनी ते हसत हसत लिहिले आहे, परंतु त्या हसण्याखाली लहान मुलीचे हाल आहेत. धर्म होता, कडक होता, दिवसभर होता. देव मात्र त्यात कुठे भेटत नव्हता.

याच लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाले. नवऱ्यामागून त्या लगेच गेल्या नाहीत. काही वर्षे वेगळ्या राहिल्या, रडल्या, रागावल्या. मग जातीभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नावर स्वतःशीच विचार करता करता, तो माणसाने केला असे त्यांच्या मनाने घेतले, आणि पुढे १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्यांचा निर्णय सर्वांना पटेल असे नाही. पटावा असा माझा आग्रहही नाही. परंतु नवरा म्हणतो म्हणून नाही, समाज म्हणतो म्हणून नाही, तर आपल्या मनाला पटेपर्यंत थांबायचे, हे ज्या बाईला फारसे शिक्षण नसताना जमले, ती बाई मुलामुलींना दाखवण्याजोगी आहे खरी.

आता एका अवघड जागी येऊ. ‘श्यामची आई’मध्ये एक म्हातारी महार बाई आहे. तिची मोळी खाली पडली आहे, उचलून डोक्यावर द्यायला कोणी पुढे होत नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी उचलून दे. देवाला सारी माणसे सारखीच प्रिय आहेत, हा त्या गोष्टीचा गाभा. पण त्यासोबत, नंतर येऊन अंघोळ कर, असेही आई सांगते. आजच्या वाचकाला हे खटकते. खटकलेच पाहिजे. शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात सांगताना तो अंघोळीचा भाग गाळू नये असे मला वाटते. त्या माउलीचे अंतःकरण देवाचे ऐकत होते आणि तिचे हात रूढीचे ऐकत होते. एकाच माणसात दोन्ही कसे नांदते, हे मुलांना कळू द्यावे. मुलांना ते समजते. मोठ्यांनाच समजायला जड जाते.

कारण पाहा, साने गुरुजी तुरुंगात हे लिहीत होते, त्या वेळी त्याच नाशिक शहरात, पंचवटीत, काळाराम मंदिराचा लढा चालू होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी तो सत्याग्रह सुरू झाला. नाशिकची धुरा दादासाहेब गायकवाडांनी वाहिली. हजारो माणसे, बायाबापड्या, खेड्यापाड्यांतून चालत आल्या. मंदिराची दारे बंद झाली. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. सत्याग्रह पुढे वर्षानुवर्षे रेंगाळला आणि दार काही उघडले नाही. आईबापांचे बोट धरून जी पोरे तिथे आली असतील, त्यांनी त्या दिवशी देवाविषयी काय शिकले असेल? रामाच्या दारात आपल्याला मज्जाव आहे, आणि मज्जाव करणारे रामाचेच नाव घेत आहेत, हे. कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा हा धडा पक्का बसतो.

१९३४ साली बाबासाहेबांनी गायकवाडांना एका पत्रात कळवले की आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा लढा नव्हता, त्यांच्यात जाग यावी म्हणून तो होता. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातील येवल्याला त्यांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मणे आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून आपण मरणार नाही. एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. एकवीस वर्षे! धर्माचा निर्णय किती सावकाश, किती अभ्यासाने घ्यावा लागतो, याचे दुसरे उदाहरण आधुनिक महाराष्ट्रात नाही. इकडे साने गुरुजींनीही अंघोळीपाशी थांबायचे नाकारले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून आधी ते महाराष्ट्रभर हिंडले, आणि १ ते १० मे १९४७ त्यांनी उपोषण केले. मंदिर खुले झाले. आईने मोळी उचलायला सांगितले होते. अंघोळ सोडून द्यायचे काम मुलाने केले. आईबापांकडून श्रद्धा घ्यायची आणि तिच्यातले उणे आपण भरून काढायचे, असे जेव्हा होते तेव्हा ती श्रद्धा जिवंत आहे असे समजायला हरकत नाही.

‘देवाचे सांगणे’ ओळखावे कसे, हा प्रश्न मात्र अजून उरलाच. मोठ्यामोठ्यांनाही तो चुकला नाही. त्याच १९३३ सालच्या मे महिन्यात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी अस्पृश्यतेच्या प्रश्नावर आत्मशुद्धीसाठी एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले. आपल्याला आतून आवाज आला असे त्यांनी सांगितले. पुष्कळांना ते पटले नाही. परंतु त्या आवाजाने गांधीजींना काय करायला लावले ते पाहा. स्वतःच्या पोटाला चिमटा घ्यायला लावले, दुसऱ्याच्या नव्हे. मुलांना समजेल अशी खूण मला यात दिसते. देवाच्या नावाने आलेली आज्ञा जर आपल्याकडून कष्ट, खरेपणा, क्षमा मागत असेल, तर तिचा विचार करावा. ती जर दुसऱ्याचा जीव, दुसऱ्याची अब्रू, दुसऱ्याचे पैसे मागत असेल, तर ती देवाची नव्हे, मग सांगणारा कितीही शेंदूर फासलेला असो.

हे स्पष्ट बोलावे लागते, कारण खेड्यात कौल लावणारे आहेत, अंगात येणारे आहेत, आणि आजारी पोराला दवाखान्यात न नेता भगताकडे नेणारे आईबापही आहेत. महाराष्ट्राने २०१३ साली नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना आळा घालणारा कायदा केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, कायद्यासाठी वर्षानुवर्षे खटपट करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला होता. तो कायदा देवाची पूजा करायला, वारीला जायला, प्रार्थना करायला मना करत नाही. साप चावला असताना डॉक्टरकडे जाऊ न देणे, मारहाण करून भूत उतरवणे, अशा गोष्टींना तो गुन्हा म्हणतो. मुलांना हे दोन्ही एका दमात सांगावे: हात जोडायला मोकळीक आहे, आणि सर्पदंशावर इंजेक्शनच आहे.

जुन्या परंपरेतही हा विवेक नाही असे कोण म्हणेल? त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची समाधी आहे. पौष वद्य एकादशीला तिथे यात्रा भरते. परंपरा अशी सांगते की ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, घरची माणसे पांगली, आणि चुकलेला पोर निवृत्ती एका गुहेत शिरला. तिथे त्याला गहिनीनाथ भेटले. चुकलेल्या मुलाला वाट दाखवणारा भेटावा, ही गोष्ट मुलांना फार आवडते. पण तिच्यापुढचा भाग सांगायला विसरू नये. मिळालेले त्या मुलाने स्वतःजवळ ठेवले नाही, धाकट्या भावाला दिले. त्या भावाने, ज्ञानदेवाने, शके १२१२ मध्ये म्हणजे इसवी सन १२९० साली गीतेचा अर्थ आपल्या मराठीत मांडला. संन्याशाची पोरे म्हणून ज्यांना गावाने वाळीत टाकले, त्यांनी गावाला दिले. आणि ज्ञानदेव रागावून ताटी लावून बसले तेव्हा त्यांना समजावणारी कोण? सगळ्यांत धाकटी मुक्ताबाई. शहाणपण वयाने मोठ्याकडूनच खाली येते असे नाही, हे या चार भावंडांच्या कथेत स्पष्ट आहे. आपल्या घरात मात्र धाकटी पोर काही बोलली की आपण ‘लहान तोंडी मोठा घास’ म्हणून तिला गप्प करतो.

देवघेवीचे काय? परीक्षा आली की नवस, गाय आजारी पडली की नवस. नवस बोलणाऱ्या माणसाची मी थट्टा करणार नाही. अडलेला माणूस कुठेतरी हात पसरतोच. तथापि मुलाच्या मनात ‘मागितले की मिळते’ एवढाच हिशेब बसला, तर पहिल्याच फटक्याला त्याचे काय होते ते पाहा. आपल्या निफाड-दिंडोरीकडे द्राक्षे अगदी काढणीला येतात आणि एका संध्याकाळी गारपीट होऊन सारा बाग झोडपून निघतो. घरातली दहा वर्षांची मुलगी विचारते, “मी रोज देवाला नमस्कार करत होते ना? मग?” या प्रश्नाला घाईघाईने उत्तर देणे हा मोठा अन्याय आहे. आपल्या पापाचे फळ म्हणाल, तर मुलगी बापाचे पाप शोधत बसेल. देव परीक्षा पाहतो म्हणाल, तर ती देवाला घाबरेल. मला विचाराल तर खरे ते सांगावे. गारा ढगात वाऱ्याने वर-खाली होऊन तयार होतात, त्या चांगल्या-वाईटाचा बाग ओळखून पडत नाहीत. नमस्कार केला तो गारा थांबवण्यासाठी नव्हता. आता बाबांच्या शेजारी बसायचे, पडलेले घड उचलायला हात लावायचा, शेजाऱ्याचाही बाग गेला आहे तिकडे जाऊन यायचे. हे करायला बळ मागावे, ते मागणे कधी वाया जात नाही.

श्यामच्या आईच्या घरी तरी काय घडले? कर्ज झाले, घरावर जप्ती आली, आजारपण आले, आणि श्याम शिकायला दूर असताना ती गेली. मुलाची शेवटची भेटही झाली नाही. तिच्या भक्तीला बाजारभावाने काहीच मिळाले नाही. तरी मुलगा तुरुंगात बसून तिची आठवण काढतो ती देवाने फसवले म्हणून नव्हे.

आता थोडे शाळेविषयी. शिक्षक मंडळी विचारतात, हे सारे घरी ठीक, पण शाळेत आम्ही काय करावे? आपल्या राज्यघटनेचे २८ वे कलम याबाबत स्पष्ट आहे. जी शाळा संपूर्ण सरकारी पैशावर चालते तिथे धर्माचे शिक्षण देता येत नाही. ज्या शाळेला सरकारची मान्यता किंवा अनुदान आहे, तिथे धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला मुलाला बसवायचे तर पालकांची संमती हवी. निरनिराळ्या धर्मांची ओळख करून देणे, संतांच्या गोष्टी सांगणे, याला मात्र मनाई नाही. २००२ साली सर्वोच्च न्यायालयानेही तसा निर्वाळा दिला. त्याआधी, १९५९ साली नेमलेल्या श्रीप्रकाश समितीने शाळेचा दिवस काही मिनिटांच्या मौनाने सुरू करावा अशी सूचना केली होती. सूचना साधी होती, बिनखर्ची होती, आणि म्हणूनच बहुधा कोणी फारशी मनावर घेतली नाही.

दोन खटले शिक्षकांनी ध्यानात ठेवावेत. केरळातील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण आपल्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. दुसरा खटला आपल्या नाशिकचा. इथल्या एका माध्यमिक शाळेतले शिक्षक प्रार्थनेला उभे राहत, परंतु हात जोडत नसत. त्यावरून त्यांचा वेतनाचा लाभ अडवण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली निकाल दिला की हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही. यावर काहीजण नाराज झाले. मला वाटते, नाराज होण्यासारखे त्यात काही नाही. सक्तीने जोडलेले हात देवाच्या काय कामाचे?

म्हणून वर्गात प्रार्थना असेल तर मुलांना आधीच सांगावे: उभे राहायचे, शांत राहायचे, ज्याला म्हणायची त्याने म्हणायची. ज्याला म्हणायची नाही त्याच्याकडे कोणी टवकारून पाहायचे नाही. ईद, नाताळ, बुद्धपौर्णिमा, आषाढी यांपैकी ज्या मुलाच्या घरचा सण असेल, त्यानेच दुसऱ्या दिवशी उभे राहून घरी काय काय केले ते सांगावे. मास्तरांनी ऐकावे, आणि ‘आमच्यातही असेच असते’ हे वाक्य जरा आवरावे. एकदा मुलाला बोलता केला की तो शिरकुर्म्यापासून सुरुवात करतो, आणि आपल्या आजोबांच्या रोजापर्यंत येऊन पोचतो.

आणि एखादा मुलगा सरळ म्हणाला, “गुरुजी, मला देव आहे असे वाटतच नाही,” तर? दचकू नये. वर्गाला हसू देऊ नये. त्याच्या घरी चिठ्ठी पाठवू नये. “बरं, मग तुला काय खरे वाटते ते सांग,” असे म्हणून त्याला बाकावर बसायला जागा करून द्यावी, आणि तो सांगेल ते पुरते ऐकून घ्यावे.